गाडी छान, पण का?

ग्रुपवर मेसेज आला की स्मरणिकेसाठी दोन शब्द लिही, आणि मला शाळा म्हटलं की आधी आठवीतला सहामाहीचा इतिहासाचा पेपरच आठवतो, त्याला काय करू.

प्रश्न होता, कारणे द्या, इंग्रजांनी भारतात रेल्वे सुरू केली. चार मार्क. आता आपण पडलो ठाणेकर, घर स्टेशनजवळ, मी सुटलोच. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी, साहिब, सिंध, सुलतान ही तिन्ही इंजिनं, दीड पान भरलं. मार्क मिळाला अर्धा, तोही बहुतेक अक्षराचा, आणि बाजूला बाईंचा लाल शेरा, 'गाडी छान. पण का?'

बाईंनी मग तासाला माझाच पेपर घेतला. म्हणाल्या, प्रश्नातल्या का, कसे, कोणते याच्याखाली आधी पेन्सिलने रेघ मार, मग पेन उचल. आतल्या भागातला कापूस बंदरावर न्यायचा होता, तिकडच्या गिरण्यांचं कापड इथल्या बाजारात ओतायचं होतं, गडबड झाली तर फौज पटकन हलवायची होती, शिवाय रेल्वे कंपन्यांना पाच टक्के परताव्याची हमी म्हणजे तोटा झाला तरी भरपाई आपल्याच महसुलातून, झाले ना रे चार मुद्दे? एका मुद्द्याला दोन ओळी, त्यात एक नाव नाहीतर सन, आणि 'त्यामुळे काय झालं' हे आलंच पाहिजे. सनाची खात्री नसेल तर सरळ डलहौसीच्या काळात म्हण, चुकीचा सन ठोकू नकोस.

१८५७ च्या कारणांतही आमची सगळ्यांची गाडी काडतुसांवरच अडकायची. बाई म्हणायच्या ते तात्कालिक कारण, ते शेवटी, आधी राजकीय, आर्थिक, सामाजिक, लष्करी लिहा. आणि अवध! सातारा १८४८, नागपूर १८५४ ही दत्तक वारस नामंजूर करून खालसा केली, पण १८५६ ला अवध घेतलं ते गैरकारभाराच्या नावाखाली. ते या दोघांच्या ओळीत बसवलं की बाई पेन आपटायच्या. (हे मला अजूनही झोपेत विचारा.)

जोड्या लावा वगैरेत काय, पाठ असेल तर येतं, नाहीतर नाही.

वार्षिकला टीप आली, भारतातील रेल्वेची सुरुवात. मी पुन्हा पुन्हा वाचलं, टीप लिहा, का कुठेच नाही! मग काय, साहिब, सिंध, सुलतान सगळे बाहेर काढले. मागच्या बाकावरच्या आमच्या मित्राने (आता ऐरोलीत असतो, हे वाचेलच) वाकून वाकून तेवढंच उतरवलं आणि साहिब, सिंह, सुलतान लिहून आला. बाईंनी दोघांचे पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि नुसतं माझ्याकडे बघितलं.