नेरुळ, फातोर्डा, सॉल्ट लेक : १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या मागोमाग

भारतात भरलेली फिफाची पहिली स्पर्धा म्हणजे २०१७चा १७ वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक. ६ ते २८ ऑक्टोबर या काळात नवी दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, कोची, मडगाव आणि नवी मुंबई या ६ शहरांत २४ संघांचे ५२ सामने खेळवले गेले. माझ्यासारख्या ठाणेकराला यांपैकी नेरुळचे मैदान लोकलच्या अंतरावर होते, मडगाव कोकण रेल्वेच्या एका दिवसाच्या प्रवासावर, आणि कोलकात्यासाठी मात्र रजा टाकावी लागणार होती. ती टाकली. खेळाची ओढ होतीच, पण इतक्या वेगवेगळ्या तऱ्हेच्या शहरांत एकाच नियमावलीने एवढी मोठी स्पर्धा बसवतात तरी कशी, याचे कुतूहल त्याहून थोडे जास्तच होते.

यजमानपद मिळाले ते डिसेंबर २०१३मध्ये. आयर्लंड, उझबेकिस्तान आणि अझरबैजान हे इतर इच्छुक होते. त्यानंतरची जवळजवळ ४ वर्षे तयारीत गेली. प्रफुल्ल पटेल यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक संयोजन समिती नेमली गेली आणि स्पर्धा संचालक म्हणून चिलीचे हाविएर सेप्पी यांनी दैनंदिन सूत्रे सांभाळली. आपल्याकडे मोठी स्पर्धा म्हटली की सगळ्यांचे लक्ष स्टेडियमच्या रंगरंगोटीकडे असते. इथे सराव मैदानांवरही तितकाच कटाक्ष होता, कारण एका शहरात एका वेळी ४ संघ मुक्कामाला असतात आणि प्रत्येकाला सामन्याच्या मैदानासारखेच गवत, दिवे आणि कपडे बदलण्याच्या खोल्या लागतात. नेरुळचे महापालिकेचे यशवंतराव चव्हाण मैदान अशा कामासाठी नव्याने तयार झाले. गोव्यात उतोर्ड्याच्या मैदानाचेही तसेच झाले. माझ्या मते या स्पर्धेवर झालेला सर्वांत शहाणपणाचा खर्च हाच, कारण स्टेडियमचे दिवे एरवी महिनोन्महिने बंदच असतात, सराव मैदानावर मात्र रोज कोणीतरी उतरू शकते.

मुलांच्या या स्पर्धेचे काही नियम मोठ्यांच्या विश्वचषकाहून वेगळे आहेत. १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेलाच खेळाडू चालणार होता, आणि जन्मदाखल्यांवर विसंबून न राहता २००९पासून फिफा मनगटाची एमआरआय तपासणी करते. मनगटाजवळच्या हाडाची वाढ पूर्ण होऊन ते जुळलेले दिसले, तर मुलगा १७ वर्षांच्या पुढे गेला असे धरले जाते. प्रत्येक संघात २१ खेळाडू घेता येत होते. बाद फेरीत बरोबरी झाली तर जादा वेळ नाही, थेट पेनल्टी. कोवळ्या पायांची दमछाक टाळणारा हा नियम मला फार पटला.

नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम मुळात क्रिकेटचे. आयपीएलचे २००८ आणि २०१० या वर्षांचे अंतिम सामने इथेच झाले होते. वर्तुळाकार मैदानात फुटबॉलचा आयत बसवला की कडेची रेषा प्रेक्षकांपासून दूर जाते, आणि खालच्या रांगेपेक्षा वरच्या सज्जातूनच खेळाची आखणी नीट कळते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून दुपारी नेरुळला उतरलो, तेव्हा स्थानकाबाहेरच्या रिक्षावाल्यांनी त्या दिवसापुरते नवे दर ठरवलेले होते. पायीच निघालो. फाटकाशी झडती कडक होती : पाण्याची बाटली, नाणी, हेडफोन, सगळे बाहेर. प्रायोजक नसलेल्या कंपन्यांच्या पाट्या झाकलेल्या होत्या. एका तिकिटावर ५ आणि ८ वाजताचे असे दोन्ही सामने पाहायला मिळत, आणि सर्वांत स्वस्त तिकीट १०० रुपयांच्या आत होते. शाळांच्या बसगाड्या भरभरून येत होत्या. सप्टेंबरात राज्य सरकारने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ या नावाखाली शाळाशाळांतून फुटबॉल वाटून एका दिवसात लाखो मुलांना मैदानावर उतरवण्याचा घाट घातला होता. त्यातलीच काही मुले आता वरच्या सज्जात बसून पंचांवर ओरडत होती.

पाणी बाहेर ठेवायला लावले याबद्दल माझी तक्रार नाही. आत ज्या ठेकेदाराकडे पाण्याची सोय होती, त्याच्याकडचे पाणी पहिल्या सामन्याच्या मध्यंतरापूर्वी संपले, ही मात्र तक्रार आहे. ऑक्टोबर हीटमध्ये, लहान मुलांनी भरलेल्या स्टेडियममध्ये, हे व्हायला नको होते. स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी दिल्लीतही प्रेक्षकांचे पाण्यावाचून हाल झाले होते आणि संयोजकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली होती. गवताच्या उंचीचा मिलिमीटरपर्यंत हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेला पाण्याच्या ग्लासांचा हिशेब का जमू नये, हे कोडे मला सुटले नाही.

१२ ऑक्टोबरची नेरुळची संध्याकाळ फार चमत्कारिक होती. गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू व्हावेत, म्हणजे कोणाला दुसऱ्याचा निकाल पाहून खेळ आखता येऊ नये, हा फिफाचा जुना दंडक. त्यामुळे प्रत्येक गटातला एकेक सामना दुसऱ्या शहरात हलवावा लागतो. भारताच्या गटातले अमेरिका आणि कोलंबिया हे संघ त्या रात्री ८ वाजता आमच्यासमोर नेरुळला खेळत होते आणि नेमक्या त्याच वेळी भारत आणि घाना दिल्लीत. समोर कोलंबिया ३–१ अशी जिंकत होती, पण निम्मे स्टेडियम मोबाइलमध्ये डोके खुपसून बसले होते. माझ्या पुढच्या रांगेतला शाळकरी मुलगा दर दोन मिनिटांनी मागे वळून विचारायचा, “काका, आपला स्कोअर काय झाला?” मी “एक–शून्य” म्हटले की तो आशेने “कोणाचा?” विचारायचा. दिल्लीत भारत ०–४ असा हरला. त्याआधी ९ तारखेला कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने हेडरवर केलेला गोल हा कोणत्याही फिफा विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. त्याचा आनंद अवघ्या एका मिनिटाचा ठरला, कारण कोलंबियाने लगेच दुसरा गोल करून सामना २–१ असा घेतला. भारताचे सामने आधी नवी मुंबईत ठरत होते, ते नंतर दिल्लीला गेले. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. फुटबॉलवर पेठापेठांतून भांडणारे कोल्हापूरकर नेरुळला किती संख्येने आले असते, याचा विचार मनात येऊन थोडी चुटपुट लागली.

दिवाळी स्पर्धेच्या अगदी मध्यावर आली होती. मडगावचा उपांत्यपूर्व सामना २१ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन भाऊबीजेला होता. बहिणीची समजूत घालून पाडव्याच्या सकाळी मांडवी एक्सप्रेस पकडली. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक त्या वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत होते, त्यामुळे गाडी बेताच्या वेगाने जात होती. मांडवीतल्या खाण्याचे कौतुक सगळेच करतात, म्हणून ते इथे लिहीत नाही.

फातोर्ड्याचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम नेरुळच्या मानाने खूप लहान, पण ते फुटबॉलसाठीच ओळखले जाणारे. गोवेकर खेळ पाहतो तो चेंडूकडे बघून नव्हे, हे तिथे बसल्यावर १० मिनिटांत लक्षात येते. शेजारी सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ होते. सासष्टीतल्या कुठल्याशा गावच्या संघात तरुणपणी उजव्या बगलेवर खेळलेले. याच मैदानावर ११ दिवसांपूर्वी इराणने जर्मनीचा ४–० असा धुव्वा उडवला होता, ते त्यांनी मला खेळाडूंच्या जागांसह सांगितले. इंग्लंड–अमेरिका सामना सुरू झाला तेव्हा त्यांनी बोट दाखवले : “तो नऊ नंबर बघा. चेंडू दुसऱ्या टोकाला असतानाच तो पळायला लागतो.” तो ऱ्हिअन ब्रूस्टर. पहिल्या पाव तासातच त्याने दोन गोल केले आणि शेवटी पेनल्टीवर तिसरा करून हॅट्‌ट्रिक पूर्ण केली. इंग्लंड ४–१. अमेरिकेने आधीच्या फेरीत पॅराग्वेचा ५–० असा फडशा पाडला होता, त्यामुळे सामना इतका एकतर्फी होईल असे आम्हा दोघांनाही वाटले नव्हते.

इंग्लंडचा जेडन सँचो मात्र दिसला नाही. गटसाखळी संपताच बोरुसिया डॉर्टमुंडने त्याला परत बोलावून घेतले होते. ब्राझीलच्या व्हिनिशियस ज्युनियरला तर फ्लामेंगो क्लबने सोडलेच नव्हते. या वयोगटाच्या स्पर्धेसाठी खेळाडू सोडण्याचे बंधन क्लबांवर नसते. स्टेडियम, विमाने, हॉटेले यांची जुळवाजुळव संयोजकांच्या हातात असते, पण ज्यांच्या नावावर तिकिटे खपतात ती मुले शेवटी क्लबांच्या मर्जीवर येतात, ही गोष्ट फारशी कोणी बोलून दाखवत नाही.

त्याच संध्याकाळी गुवाहाटीत माली आणि घाना यांचा सामना धो धो पावसाने भिजलेल्या मैदानावर झाला आणि तिथल्या गवताचा पार चिखल झाला. २५ तारखेचा ब्राझील–इंग्लंड उपांत्य सामना तिथेच व्हायचा होता. जेमतेम २ दिवस उरले असताना फिफाने तो कोलकात्याला हलवला. गुवाहाटीकरांना पैसे परत मिळाले, पण त्यांच्या शहरात येणारा ब्राझीलचा संघ हातचा गेला, त्याची भरपाई कशाने होणार? कोलकात्यात मात्र साठ हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. राखीव व्यवस्थेची खरी परीक्षा अशा वेळी होते. तिकिटे, पोलीस बंदोबस्त, प्रक्षेपणाच्या गाड्या, दोन संघांचे मुक्काम आणि सराव, हे सगळे ४८ तासांत नव्याने उभे करणे सोपे नाही. पाण्याच्या ग्लासांवरून मी नाक मुरडले होते, पण इथे संयोजकांना दाद द्यायलाच हवी.

२५ तारखेच्या रात्री मी पुन्हा नेरुळला होतो, स्पेन आणि माली यांच्या उपांत्य सामन्याला. आमच्या सज्जात निळ्या-लाल स्पॅनिश क्लबांचे शर्ट घालून आलेली पोरेसुद्धा अर्ध्या तासात मालीकडे झुकली. मध्यंतराला स्पेन २–० पुढे होता. उत्तरार्धात मालीच्या शेक दुकुरेने लांबून मारलेला फटका आडव्या खांबाला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे आमच्या जागेवरून कळणे शक्य नव्हते. पंचांनी खेळ चालू ठेवला. पाच-सात मिनिटांनी मोबाइलवर चित्रफिती येऊ लागल्या, त्यांत चेंडू स्पष्टपणे रेषेच्या आत पडलेला दिसत होता, आणि सज्जात एकच गिल्ला झाला. गोलरेषेवरची तांत्रिक यंत्रणा या स्पर्धेत नव्हती. स्पेन ३–१ असा जिंकला. मालीची मुले गुडघ्यांवर बसून राहिली, तेव्हा बाहेर पडायच्या घाईत असलेले लोकही थांबून टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे कल्याणला गीतांजली एक्सप्रेस गाठली. हावड्याला उतरेपर्यंत डब्यातल्या निम्म्या लोकांना मी कशासाठी चाललोय ते माहीत झाले होते, आणि त्यातल्या बंगाली मंडळींनी ब्राझील हरल्याचा शोक माझ्याकडे मोकळेपणाने व्यक्त केला.

सॉल्ट लेकचे विवेकानंद युवा भारती क्रीडांगण पूर्वी लाखाहून अधिक प्रेक्षक सामावून घेई. या स्पर्धेसाठी तिथले कृत्रिम गवत उखडून नैसर्गिक गवत लावले, सिमेंटच्या पायऱ्यांवर प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची बसवली आणि क्षमता ६६ हजारांच्या आसपास आणली. जुन्या कोलकातेकरांना ती घट सलते. मला मात्र खुर्चीचा क्रमांक शोधून ३ मिनिटांत जागेवर बसता आले आणि आजूबाजूला आयाबाया, आज्या, लहान मुली निवांत बसलेल्या दिसल्या, त्यामुळे बदल योग्यच वाटला. याच मैदानावर १४ तारखेला जपान–न्यू कॅलेडोनिया सामन्यात स्वित्झर्लंडच्या एस्थर स्टाउब्ली यांनी पंचगिरी केली होती. फिफाच्या पुरुषांच्या स्पर्धेत मुख्य पंच म्हणून उभ्या राहिलेल्या त्या पहिल्या महिला.

५ वाजता तिसऱ्या क्रमांकासाठी ब्राझीलने मालीला २–० हरवले. त्यातला पहिला गोल मालीच्या गोलरक्षकाच्या हातांतून निसटलेल्या साध्या फटक्याचा होता. ८ वाजता अंतिम सामना सुरू झाला आणि अर्ध्या तासात सर्जिओ गोमेझच्या दोन गोलांमुळे स्पेन २–० पुढे गेला. मध्यंतराच्या तोंडावर ब्रूस्टरने हेडरवर एक गोल परत केला आणि तिथून सामन्याचे पारडे फिरले. उत्तरार्धात इंग्लंडने एकामागून एक चार गोल केले, त्यातले दोन फिल फोडेनचे. चेंडू पायाला चिकटवून उजव्या बाजूने आत शिरणारा तो किरकोळ मुलगा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि ८ गोल करणाऱ्या ब्रूस्टरला सोनेरी बूट मिळाला. इंग्लंडने ५–२ असा विजय मिळवून हा चषक प्रथमच जिंकला. स्पेनचा संघ या स्पर्धेच्या अंतिम फेरीत चौथ्यांदा हरला.

त्या रात्री मैदानात ६६,६८४ प्रेक्षक होते आणि संपूर्ण स्पर्धेत मिळून १३,४७,१३३. १९८५मध्ये चीनमध्ये झालेल्या या वयोगटाच्या पहिल्याच स्पर्धेचा प्रेक्षकसंख्येचा विक्रम त्यामुळे मोडला. १८३ गोल झाले, तोही तोवरचा विक्रमच. बाहेर पडताना बायपासवर सरकारी बसगाड्या रांगेने उभ्या होत्या आणि स्वयंसेवक मुले घसा बसेपर्यंत कोणती बस कुठे जाते ते ओरडून सांगत होती. इतकी गर्दी तासाभरात पांगली. नेरुळला रात्री साडेदहानंतर लोकलच्या पुलावर जी चेंगराचेंगरी अनुभवली, त्या मानाने हे काम कितीतरी व्यवस्थित झाले.

भारतीय संघातल्या बहुतेक मुलांना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पांगू दिले नाही. ‘इंडियन ॲरोज’ या नावाने त्यांना महिन्याभरातच आय-लीग या देशातल्या व्यावसायिक क्लबांच्या स्पर्धेत मोठ्यांविरुद्ध उतरवले. नोव्हेंबरच्या अखेरीस गोव्यात बांबोळीला झालेल्या पहिल्या सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३–० असे हरवले, आणि त्यातले दोन गोल कोल्हापूरच्या अनिकेतचे होते.