आजारी पडलं की सुट्टी मागायला माणूस एवढा का घाबरतो

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (लोखंड वितळवून ओतकाम करणारा कारखाना) मी टाइम ऑफिसला आहे. म्हणजे हजेरी, रजेचे अर्ज, ओव्हरटाइम, पीएफ आणि ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी विम्याचे) कागद, सगळं माझ्या टेबलावरनं जातं. बरीच वर्षं हे अर्ज वाचून एक गोष्ट पक्की ध्यानात आलीय की आपल्याकडचा माणूस सुट्टीला दुसरं कुठलंपण कारण बिनधास्त लिहील, पण "मला बरं नाही" एवढं लिहायचं म्हटलं की त्याचा हात अडखळतो.

ऊसाला तोड आली म्हटलं की विषयच संपला. सुपरवायझर स्वतः शेतकऱ्याचा पोरगा असतो, त्याला माहीत असतं की टोळी फडात शिरली की घरच्या माणसाला तिथं थांबावंच लागतंय. द्राक्षाची छाटणी, गावची जत्रा, भावकीतली माती, पोरीला बघायला पाहुणे येणार, सगळं चालतंय, कुणी उलट विचारत नाही. आणि ताप आलाय म्हटलं की लगेच "काल तर चांगला होतास की रं" हे ठरलेलं. मग खरोखर आजारी असलेला माणूससुद्धा फोनवर आवाज मुद्दाम बारीक काढून बोलतो, कारण त्याला माहीत असतं की साध्या आवाजात सांगितलं तर समोरच्याचा विश्वास बसणार नाही. मला हे ऐकताना फार वाईट वाटतं.

काहीजण अंगात ताप असताना कोणतरी पाहुणा वारला असं सांगून घरी झोपतात. मला कळतं, मी खोदून विचारत नाही, पण कारण खोटं लिहिलं की त्या दिवसांची नोंद आजारपण म्हणून कुठंच राहत नाही आणि पुढं दुखणं वाढून दवाखान्यात ॲडमिट व्हायची वेळ आली तर सुरुवातीचे दिवस त्याच्या हातातनं गेलेले असतात. यात तोटा त्याचाच होतो.

आता कौतुक कुणाचं होतं बघा. कुणी रिटायर झालं की निरोप समारंभाला शाल-श्रीफळ देऊन हमखास सांगितलं जातं की मामांनी इतक्या वर्षांत एक खाडा केला नाही, अंगात ताप असताना सलाईनची पट्टी हातावर घेऊन ड्युटीला आले. टाळ्या वाजतात. मामांच्या कष्टाबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांच्या जोरावर ही कारखानदारी उभी राहिलीय. पण तिथं खाली बसलेली विशी-बाविशीतली आयटीआयची पोरं त्यातनं काय शिकत असतील याचा विचार कोण करत नाही.

फाउंड्री म्हणजे काय हे ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भट्टीतनं लोखंड ओततात तेव्हा त्याचं तापमान 1400 डिग्रीच्या आसपास असतं, ते लॅडलमधनं (ओतायच्या भांड्यातनं) मोल्डपर्यंत, म्हणजे साच्यापर्यंत न्यायचं असतं. बाजूला फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, ग्राइंडर चालू असतात. तिथं ज्याला धड उभं राहवत नाही, ज्यानं सकाळी मेडिकलमधनं सर्दीची गोळी घेऊन खाल्लीय (त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, पाकिटावर लिहिलेलं असतंय, वाचतंय कोण), त्याला उभं करणं म्हणजे त्याच्या आणि शेजारच्याच्यापण जिवाशी खेळ. क्रेनखाली उभं असलेल्या माणसाला क्रेन चालवणाऱ्याला ताप आहे की नाही हे कुठनं कळणार.

डेंग्यूचं तर मी गेटवर प्रत्येकाला सांगत असतो, इथंपण सांगतो. पावसाळा संपता संपता आमच्याकडं डेंग्यूचे पेशंट असतातच. एका पोराला ताप आला, तीन दिवस घरी काढले, चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून सेकंड शिफ्टला आला आणि कँटीनजवळ चक्कर येऊन पडला. मिरजेला ॲडमिट करावं लागलं. वाचला, आता कामावर आहे. डॉक्टरांनी तेव्हा समजावून सांगितलं की डेंग्यूत धोक्याचा काळ बहुतेकदा ताप उतरतो तेव्हाच चालू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधले एक-दोन दिवस, पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यातनं रक्त, गळून गेल्यासारखं होणं, यातलं काही दिसलं की ताबडतोब दवाखाना. आणि आपल्याकडं ताप उतरला की माणूस बरा झाला असं धरून त्याच दिवशी डबा भरून देतात.

माणसं अशी दुखणं अंगावर काढून कामावर का येतात हे मला माहीत आहे. हजेरी बक्षीस. बऱ्याच कारखान्यांत ही पद्धत आहे, महिनाभर एकपण खाडा नाही केला तर पगारावर वेगळे पैसे. एक दिवस जरी चुकला तरी त्या महिन्याचं सगळं जातं, म्हणजे एका दिवसाच्या तापाला माणूस त्या दिवसाची हजेरीपण घालवतो आणि बक्षीसपण. ज्यांचा पगारच पंधरा हजार, त्यांच्या घरात त्या पैशातनं गॅस सिलिंडर आणि पोराची ट्युशन निघत असते, त्यांना "अरे आराम कर" म्हणणं सोपं आहे. ठेकेदाराच्या माणसांचं तर याहून अवघड, कारण त्यांना दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी त्या जागी दुसरा उभा असतो. मॅनेजमेंटची बाजूपण मला माहीत आहे, माणसं अचानक दांडी मारतात, लाईन बंद पडते, डिस्पॅच थांबतं, म्हणून हे बक्षीस काढलं. पण दांडी मारणारा आणि आजारी पडणारा यांना एकाच मापानं मोजलं तर जो खरं सांगतो तोच मार खातो.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. आजारपणाची सुट्टी म्हणजे साहेबांची मेहेरबानी असं जे डोक्यात बसलंय ते काढून टाका. 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआय लागू असलेल्या माणसाच्या पगारातनं दर महिन्याला 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. पंधरा हजारावर धरलं तर दोघांचं मिळून महिन्याला सहाशे रुपये जमा होतात. जुलै 2019 पासून हा दर आहे, त्याआधी यापेक्षा जास्त कापत होते. हे पैसे तुमच्या नावावर, तुमच्या दहा आकडी इन्शुरन्स नंबरवर जातात, आणि त्याच्यातनं औषधपाण्याबरोबर आजारपणात बुडालेल्या पगाराची भरपाईपण मिळते. सरासरी रोजाच्या 70 टक्के, वर्षातनं 91 दिवसांपर्यंत. रोज 500 पडत असेल तर 350. मी ज्यांना ज्यांना हे सांगतो त्यातले कितीतरी जण म्हणतात, "व्हय? आमाला वाटलं नुसत्या गोळ्याच मिळत्यात."

अट एवढीच की सहा महिन्यांच्या पिरियडमध्ये किमान 78 दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन (पगारातनं भरलेली वर्गणी) पाहिजे. एप्रिल ते सप्टेंबर भरलं तर त्याचा फायदा पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, ऑक्टोबर ते मार्च भरलं तर जुलै ते डिसेंबरमध्ये. आणि सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरचं पाहिजे, गल्लीतल्या डॉक्टरकडनं इंजेक्शन घेऊन आलात तर त्या चिठ्ठीवर क्लेम होत नाही, इथं निम्मी माणसं अडकतात. तिथं लाइन असते, अर्धा दिवस जातो, मान्य आहे. पण एकदा सर्टिफिकेट हातात पडलं की बाकीचं ऑनलाइन होतंय. शिवाय सिकनेस बेनिफिट (हीच आजारपणाची भरपाई) चालू असताना कामगाराला कामावरनं काढायचं नाही की शिक्षा करायची नाही, हे 1948 च्या ईएसआय कायद्यातच 73 कलमात लिहिलेलं होतं. पंचाहत्तरच्या वर वर्षं झाली त्याला आणि माणूस अजून घाबरतोच.

एक खोट मात्र आहे आणि ती मला खटकते. पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. पंधरा दिवसांच्या आत परत आजारी पडलात तर ही अट नाही, पण पहिल्यांदा पडलात तर दोन दिवस तुमच्या खिशातनं. आणि साधा ताप, जुलाब, डोळे येणं हे दोन दिवसांचंच तर असतंय! म्हणजे ज्या दोन दिवसांत माणसानं घरी बसायला पाहिजे, दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून, नेमके तेच दोन दिवस तो कामावर येतो. याला उपाय कंपनीच्या पातळीवरच आहे, चार-पाच दिवस पगारी आजारपणाचे द्यायचे आणि एका दिवसाच्या तापाला सर्टिफिकेट मागायचं बंद करायचं. जुलाब लागलेल्या माणसाला कागदासाठी बसनं मिरजेला पळवणं याला काय अर्थ आहे?

खोकल्याबद्दल थोडं. फाउंड्रीतल्या वाळूच्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं छातीत गेली की टीबीचा धोका वाढतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की थुंकी तपासून घ्यायची, सरकारी दवाखान्यात फुकट होतं. आमच्यात माणसं नोकरी जाईल म्हणून खोकला लपवतात, रुमाल तोंडाला लावून शिफ्ट काढतात आणि घरी लहान पोरांत जाऊन झोपतात. टीबी ईएसआयच्या मोठ्या आजारांच्या यादीत आहे, दोन वर्षं सलग नोकरी आणि त्यात 156 दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन असलं तर 80 टक्के पैसे मिळतात आणि ते दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात. लपवायचं काही कारणच उरत नाही.

कारखान्याबाहेरची माणसं बघितली तर अजून वाईट. सांगलीत कापड पेठेत, मारुती रोडला साडीच्या दुकानात दिवसभर उभ्या असलेल्या पोरी. 2017 च्या महाराष्ट्राच्या दुकाने आस्थापना कायद्यात वर्षाला 8 दिवस पगारी किरकोळ रजा आहे, पण ती आधी दहा किंवा जास्त कामगार असतील तिथं होती, 2025 च्या बदलानंतर वीस किंवा जास्त असतील तिथं. सहा-सात माणसांच्या दुकानात काय, मालकाचा मूड. याउलट आमच्या वहिनी झेडपीच्या शाळेत आहेत, त्यांना वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा जमा होते, मेडिकल सर्टिफिकेटवर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, तरी त्या घसा बसलेला असताना शाळेत जातात. विचारलं तर म्हणाल्या, "भाऊजी, मी नाही गेले तर माझा वर्ग शेजारच्या बाईंच्या वर्गात बसवतात, त्यांच्यावर लोड येतो." नियमानं हक्क असला तरी बदली माणूस नसला की तो वापरायला मन होत नाही हे तिथं कळतं.

आणि सगळ्यात खाली ऊसतोड. आमच्या डिग्रजच्या आसपास सीझनला बीडकडच्या टोळ्या येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडनं उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली. एक दिवस काम चुकलं की मजुरी तर जातेच, वर खाड्याचे पैसे त्यांच्याकडनंच कापतात. पाळीच्या दिवसांतपण सुट्टी नाही. 2019 ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारनं आमदार नीलम गोऱ्हे यांची समिती नेमली, पाहणी झालेल्या 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यामागं बाकीची कारणंपण होती, पण खाडा पडू नये हे त्यातलं एक होतं. ज्या ऊसाच्या तोडीसाठी आम्हाला विनाचौकशी सुट्टी मिळते, तो ऊस तोडणाऱ्या बाईला दुखण्यापायी एक दिवस बसता येत नाही. मला हे पचत नाही.

मार्च 2020 ला इस्लामपूरला कोरोनाचे पेशंट निघाले तेव्हा अख्खा सांगली जिल्हा हादरला होता. त्यानंतर कारखाने परत चालू झाले तेव्हा गेटवर प्रत्येकाच्या कपाळाला गन लावून ताप बघायचा, जरा जास्त दिसला की हात जोडून घरी पाठवायचा, आणि त्याला कुणी कामचोर म्हटलं नाही. तेच साहेब, तेच सुपरवायझर. म्हणजे जमतं आपल्याला! ती गन अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, सेल घातले तर चालते.

दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये मी लेखी दिलंय की ईएसआय डॉक्टरचं सर्टिफिकेट असलेले दिवस हजेरी बक्षिसाला खाडा धरू नयेत. "बघू" म्हणालेत. मी परत विचारणार आहे, प्रत्येक मीटिंगला विचारणार आहे. तोवर आमच्या इथल्या कुणाचा क्लेम अडला असेल, किंवा आपला इन्शुरन्स नंबर काय हेच माहीत नसेल, तर जेवणाच्या सुट्टीत टाइम ऑफिसच्या खिडकीवर या. येताना आधार, बँक पासबुक आणि डॉक्टरचा कागद घेऊन या, फॉर्म मी बसून भरून देतो. आणि अंगात ताप असेल तर स्वतः येऊ नका, घरच्या कुणाकडनंतरी कागद पाठवा.