नोगालेस ते माग्दालेना : सोनोरातील पायी वारी

अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या नोगालेसपासून मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातील माग्दालेना दे किनोपर्यंत सुमारे ९० किलोमीटरचा महामार्ग आहे, आणि ४ ऑक्टोबरच्या उत्सवाआधी त्याच्या कडेने नवस फेडायला निघालेल्या माणसांची रीघ लागते. मी मूळचा सावंतवाडीचा. या वाटेला लागलो तो तिथल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या मूर्तीच्या ओढीने, कारण आमच्या बाजूला झेवियरला 'गोंयचो सायब' म्हणतात.

दिवसा उन्हाचा तडाखा असह्य होतो, म्हणून बरेचसे चालणे रात्रीच होते. वाटेत इमुरिससारख्या गावांतले लोक पाणी आणि जेवण देतात, ओळख नसताना पायांचे फोड धुऊन पट्ट्या बांधतात. सोबतच्या चालणाऱ्यांत याकी या आदिवासी जमातीचे लोक होते, तसेच टोहोनो ओओधाम आदिवासीही होते, ज्यांच्या पूर्वजांसाठी जेझुइट (झेवियरच्याच ख्रिस्ती धर्मसंघातला) पाद्री एउसेबियो किनो याने १६८७ पासून या भागात मिशने उभारली. १६९५ मध्ये या ओओधाम पूर्वजांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला आणि सैनिकांनी तो क्रूरपणे मोडला. हे रक्त विसरून या मिशनांविषयी भक्तिभावाने लिहिणे मला अप्रामाणिक वाटते.

तरीही भक्ती टिकली, आणि ती लोकांनी टिकवली. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकलले, त्यांच्या जागी फ्रान्सिस्कन, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या संघाचे पाद्री, आले. म्हणूनच बहुधा मूर्ती झेवियरची, पण उत्सव असिसीच्या फ्रान्सिसच्या दिवशी, अशी सरमिसळ झाली. १९३४ मध्ये धर्मविरोधी सरकारने जुनी मूर्ती जाळली, तेव्हा लोकांनी नवी आणली आणि चालणे सोडले नाही.

मूर्ती निजलेली आहे. भाविक तिचे डोके हाताने किंचित उचलतात. ज्याचे मन स्वच्छ नाही त्याला ते उचलत नाही, अशी श्रद्धा आहे. रांगेत माझ्यापुढे असलेल्या आजीबाईंनी रंगीत फिती मूर्तीला लावून घेतल्या आणि त्यांतली एक माझ्या मनगटाला बांधली. माझी पाळी आली तेव्हा मला एकही मागणे सुचले नाही.

जवळच्या चौकात, १९६६ मध्ये सापडलेल्या किनोच्या अस्थी काचेखाली आहेत. तरुणपणी आजारातून उठल्यावर त्याने झेवियरच्या नावावरून 'फ्रान्सिस्को' हे नाव घेतले होते, आणि त्याच्यासारखेच पूर्वेकडे जाण्याची त्याची इच्छा होती. धाडण्यात आले मेक्सिकोला.

आजीबाईंनी विचारले, गोव्यातही डोके उचलू देतात का? मी सांगितले की तिथे खरे शव आहे, चांदीच्या पेटीत, उंचावर, आणि साधारण दहा वर्षांनी ते खाली आणून दर्शनाला ठेवतात. २०२४ च्या नोव्हेंबरात तसे ठेवले होते. पुढचे कधी, हे त्यांनी लगेच विचारून घेतले.