दुधाची गाडी विजेवर आणली, त्याची हकिकत

जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा-भडगाव पट्ट्यातल्या काही गावांचं दूध गोळा करून संकलन केंद्रावर पोहोचवायचं, हा आप्पांपासूनचा आमचा धंदा. परवापर्यंत गाडी डिझेलची तीनचाकी होती. दुधाच्या धंद्यात बोलणं चालतं ते फॅटचं, ढेपेचं आणि चाऱ्याचं. पण वाहतूकवाल्याच्या हातात महिनाअखेर काय उरणार, हे डिझेल ठरवतं. आणि डिझेलचा भाव आपल्या हातात नाही. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. इराक, सौदी, रशिया, जिथे कुठे काही बिनसलं की त्याची झळ आमच्या कॅनपर्यंत येते. २०२२ साली युक्रेनचं युद्ध पेटलं, कच्चं तेल पिंपामागे १२० डॉलरच्या वर गेलं आणि मार्चअखेर आपल्याकडे पंधरवड्यात लिटरमागे दहा रुपये वाढले. दुधाची वाहतूक आम्हाला मिळते ठरलेल्या दराने. ते दहा रुपये कोणाकडून मागायचे?

जानेवारी २०२४ मध्ये टँकरचालकांचा संप झाला. मनमाडजवळच्या पानेवाडीतून इंधनाचे टँकर सुटेनात आणि पंपांवर रांगा लागल्या. संप लवकर मिटला, पण दूध एक वेळही थांबत नाही. नासलं तर शेतकऱ्याचं आणि आपलं, दोघांचं नासतं. तेव्हाच मनाशी पक्कं केलं, की पुढची गाडी विजेची.

गाडी निवडायला फार वेळ लागला नाही. कंपनी सांगते ती रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावेल ते, रिकाम्या गाडीची आणि सपाट रस्त्याची असते. म्हणून भरलेले कॅन ठेवूनच चाचणी घेऊ द्या, असा आग्रह धरला. माझा रोजचा रस्ता सत्तर-ऐंशी किलोमीटरचा, तो पुरा होऊन थोडं चार्जिंग उरत होतं. खरी ओढाताण झाली कर्जाची. एका बँकेने आधी हो म्हटलं आणि मग "पाच वर्षांनी बॅटरीची किंमत काय राहील?" असं विचारून कागद परत केले. दुसरीकडे कर्ज मिळालं, पण व्याज डिझेलच्या गाडीपेक्षा जास्त. हे मला आजही पटत नाही. देशाचं तेल वाचवणाऱ्या माणसाला पैसा महाग का मिळावा? पासिंगला मात्र काही त्रास झाला नाही. विजेवरच्या मालवाहू गाड्यांना २०१८ पासून परमिट लागत नाही. हिरवी पाटी, त्यावर पिवळे आकडे, काम झालं.

गाडी दारात आली आणि पुढचं सगळं विजेच्या तारेवर येऊन थांबलं. घेणाऱ्याला शोरूममध्ये हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या घरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त वीज ओढायची मुभा, एक किलोवॉटची. गाडीचा चार्जर एकटाच त्याहून जास्त ओढतो. वीज कार्यालयातल्या साहेबांनी सल्ला दिला, की धंद्याची गाडी घरच्या मीटरवर नको, चार्जिंगसाठी वेगळं मीटर घ्या. सल्ला फायद्याचा होता, कारण घरच्या बिलात युनिट वाढले की दर वरच्या टप्प्यात जातो. ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा नमुना आठचा उतारा, घरपट्टीची पावती, आधार हे सगळं जोडलं. राहिला होता परवानाधारक ठेकेदाराचा वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट, आणि तो अर्थिंगवर अडला. अर्थिंग म्हणजे गळणारा करंट जमिनीत उतरवणारी जोडणी.

गावातले वायरमन नाना आले. त्यांनी विजेचा दाब मोजायचं मीटर लावून पाहिलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये दाब ठीक, पण फेज आणि अर्थिंगमध्ये निम्मासुद्धा नाही. घराची अर्थिंगची तार मोरीतल्या जुन्या सळईला नुसती गुंडाळलेली होती, सळई गंजून गेलेली. पंखा-दिव्याला त्याने काही अडत नव्हतं. चार्जर मात्र अर्थिंग नसेल तर लाल दिवा लावून गप्प बसतो, आणि ते माणसाच्या जिवासाठी बरंच आहे. नानांनी गोठ्याच्या पाणवठ्याजवळची जागा दाखवली, कारण तिथली माती बारमाही ओली असते. आमची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. कोरड्या मातीतून करंट उतरत नाही. आम्ही माणसाच्या उंचीहून खोल खड्डा घेतला, मधोमध जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप उभा केला आणि भोवती खडा मीठ नि कोळशाचे थर भरले. वर पाणी ओतायला नरसाळं ठेवलं. नंतर नानांनी शंभर वॉटचा बल्ब फेज आणि अर्थिंगवर लावला. तो लख्ख पेटला तेव्हा त्यांनी हात झटकले, "आता लाव चार्जिंग, भाऊ."

संध्याकाळी गावात दाब उतरतो, तेव्हा चार्जिंग रेंगाळतं. म्हणून रात्री अकरानंतर पिन लावतो. पहाटे पाचच्या फेरीला गाडी भरलेली असते. डिझेलला दिवसाला जवळपास तीनशे रुपये जायचे, आता विजेला शंभरच्या आतबाहेर. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा फेरीवरून आल्या आल्या पिन लावत नाही. गाडी निंबाखाली उभी करून बॅटरी निवू देतो.

लोक विचारतात, वीज तरी कोळशाचीच ना? हो, बरीचशी कोळशाची आहे. पण ती भुसावळजवळ दीपनगरला तयार होते, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत, त्याच तालुक्यात शिवाजीनगरला सौर प्रकल्प आहे. यातला पैसा देशातच फिरतो, आखाती तेलाची जहाजं जिथून येतात ती होर्मुझची सामुद्रधुनी बंद पडली तरी दीपनगरची भट्टी विझत नाही. बॅटरीचं लिथियम मात्र परदेशी, तिचे सेल बहुतेक चीनचे, हे खरंच आहे आणि मला ते खुपतं. तरी फरक मोठा आहे. डिझेल जाळलं की संपलं, उद्या पुन्हा विकत आणा. बॅटरी एकदा आली की वर्षानुवर्षं चालते. तिची मुदत संपल्यावर आतले धातू परत काढता येतात, आणि २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. सेल इथे मोठ्या प्रमाणावर बनायला लागले तर ही परावलंबनाची गाठही सैल होईल. त्यासाठी सरकारने जोर लावलाच पाहिजे.

दूध घालायला येणारे गाडीभोवती थांबतात. "हाई गाडी घाट चढी का?" असं एका आजोबांनी विचारलं, तेव्हा त्यांना शेजारी बसवून चढावावर नेऊन आणलं. शेजारच्या गावातले दोघे दूधवाले आता गाडी बघताहेत. दोघांनाही एकच सांगितलं: आधी नानांना घरी बोलवा, अर्थिंग मोजून घ्या, मग शोरूमला जा. संकलन केंद्रावर दूध उतरवेपर्यंत गाडी तासभर उभी असते, तिथे चार्जिंगसाठी सोळा अँपिअरचे दोन पॉइंट मिळावेत म्हणून आम्ही तिघांनी मिळून अर्ज दिला आहे. खड्डा खोदायची तयारी आमची आहे, असं त्यात लिहूनच दिलंय.