गौताळ्याकडचा काळा डोंगर

मार्चमधे कन्नडच्या पुढं पितळखोऱ्याची लेणी बघायला निघालो होतो, सोबत अमेरिकेतल्या पोर्टलंडहून सुट्टीवर आलेला पुतण्या. वाटेत एक डोंगर अर्धा काळा दिसला अन् गाडी तिथंच थांबली, लेणी राहिली बाजूलाच.

चढलो तर पायाखाली राखेचा भुगा, पँट घोट्यापर्यंत काळी. मोठे साग बुडाशी करपलेले पण जिवंत, गेली ती गुडघ्याएवढी रोपं. खाली एक गुराखी मामा बसलेले, त्यांना विचारलं काहून पेटवतात हो? तर म्हणे, "जाळलं की पावसाळ्यात गवत चांगलं येतंय ना." येतं, पण कोणतं येतं तर कुसळी, ते टोचऱ्या कुसळांचं गवत!

पुतण्या म्हणाला काका, आमच्याकडं टिलामूक म्हणून जंगल आहे, तिथं 1933 च्या ऑगस्टमधे लाकूडतोड चालू होती, ओंडका ओढताना घासून ठिणगी पडली. दहाएक दिवस आग धुमसत होती आणि मग वारा फिरला तर एका दिवसात दोन लाख एकर गेलं. मला वाटलं संपली गोष्ट. पण नाही, 1939 ला परत पेटलं, मग 1945, मग 1951, बरोब्बर सहा-सहा वर्षांनी. पहिल्या आगीतून वाचलेली बियांची झाडं पुढच्या आगींत जायची, मग आपोआप उगवणार कुठून? शेवटी 1949 ते 1973 माणसांनी हातानं 7 कोटी 20 लाख रोपं लावली, शाळेची पोरंसुद्धा होती त्यात. आता तिथं हिरवंगार आहे, पण एका वयाची झाडं रांगेत उभी, शेतासारखी वाटतात म्हणे.

मी डोंगराकडं बघत होतो. त्यांना सहा वर्षं तरी मिळत होती राव, इथं मामा म्हणतात दरसाल पेटतो. वरची माती पहिल्याच वळवात ओढ्यात, जागोजागी मुरूम उघडा पडलेला.

कन्नडला चहा घेताना सॉक्समधली कुसळं उपटत बसलो, न जळलेल्या बाजूनं उतरलो होतो ना. पुतण्यानं एक ओल्या तळहातावर ठेवलं तर त्याची शेपटी हळूहळू फिरायला लागली, स्क्रूसारखी! अशीच फिरत फिरत बी जमिनीत घुसतं अन् वरून वणवा गेला तरी खाली सेफ. चहावाला पण वाकून बघत होता, चहा उतू गेला त्याचा.