पिठाचं कोडं सुटलं: दोरी सापडली!

चित्रपुस्तकातल्या गिरणीच्या पानावरची दोरी माझ्या लेकीला, चिऊला अखेर दिसली, तीही मी काही न सुचवता! काल रात्रीपासून कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालंय.

पुस्तक आम्ही पुन्हा पुन्हा वाचतो तेच, पॅट हचिन्सचं १९६८चं ‘रोझीज वॉक’. कोंबडी फेरफटका मारते, कोल्हा मागे लागतो, आणि मजकुरातल्या ३२ शब्दांत कोल्ह्याबद्दल अवाक्षर नाही. दाताळं, तळं, गंजी ही कोल्हा आपटतो ती पानं चिऊची केव्हाच पक्की झाली होती. चिऊचा सिद्धांतही ठरला होता: ‘त्याचं लक्ष कोंबडीकडे असतं, म्हणून तो आपटतो.’ घोडं अडत होतं गिरणीपाशी. तिथे कोल्हा कशालाच धडकत नाही, तरी पीठ बदाबदा अंगावर पडतं. ‘कुणी पाडलं?’ विचारलं की ‘वाऱ्यानं’. सावकाश वाचून पाहिलं, कोल्हा तळव्याने झाकून पाहिला. वारा काही हटेना.

मग उलटं पान. पीठ पडलेल्या, शब्द नसलेल्या चित्रावरून एक पान मागे जायचं आणि आपण गप्प बसायचं. तिनं पोत्यावर बोट ठेवलं, दोरीवरून हळूहळू सरकवत नेलं ते थेट कोंबडीच्या पायापाशी. ‘आई, हिच्या पायात अडकलीय!’ आणि लगेच, ‘तिला माहितीये का?’

अशा बारीक रेघांसाठी मोठ्या आकाराचीच प्रत घ्या. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, मी भरपूर वापरते, पण बोट फिरवत चित्र वाचायला फोनचा पडदा पुरत नाही.

‘तेच तेच किती वाचता?’ विचारणाऱ्यांसाठी: ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३ वर्षांच्या मुलांना गोष्टींतून नवे शब्द ऐकवले. प्रत्येक शब्द सगळ्यांच्या कानावर सारख्याच वेळा पडला, तरी त्याच गोष्टी पुन्हा ऐकणाऱ्या मुलांच्या तो जास्त लक्षात राहिला.

रविवारी नवं पुस्तक काढणार होते, ते आता थांबलं. आधी कोंबडीचा निकाल. चिऊ म्हणते तिला सगळं माहितीये. बाबा म्हणतो नाही, ती एकदाही मागे वळून बघत नाही. आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: चिऊनं ही गोष्ट साताऱ्याच्या आजीला फोनवर सांगायची, व्हिडिओ न लावता. आजीला चित्रं दिसणार नाहीत, म्हणजे कोल्हा चिऊला शब्दांत आणावाच लागेल, दोरीसुद्धा. आजच आईंना फोन करून वेळ ठरवते.