आमची वाटचाल: ऊन सोसणाऱ्या जिवाणूंसाठी

लातूरच्या एमआयडीसीत आमचा जिवाणू खतांचा छोटा कारखाना आहे. सुरुवात सोयाबीनच्या रायझोबियमची, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूंची, पाकिटं भरण्यापासून झाली. माल इथून निघताना चांगला असायचा, पण मे-जूनमध्ये दुकानाच्या पत्र्याखाली पडून राहिला की जिवाणू मरायचे. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान 5 कोटी, द्रवरूप खताच्या एका मिलिलिटरमध्ये 10 कोटी जिवंत पेशी लागतात. पेरणीच्या सकाळी शेतकरी बियाण्याला खत चोळतो तेव्हा त्यातल्या किती उरल्या, हे बघायला कोण जातं?

आपला उन्हाळा सोसेल असं द्रवरूप खत करायचं ठरवलं आणि पैशांपाशी अडलो. बँक शेडला कर्ज देते, यंत्राला देते. प्रयोगाला देत नाही, कारण तो फसला तर जप्त करायला हाती काही लागत नाही. म्हणून इथे सरकारच हवं, असं माझं ठाम मत आहे. केंद्राने 1986 साली जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन केला, आणि त्या विभागाने 2012 मध्ये उद्योगांसाठी बायरॅक ही ना-नफा कंपनी काढली. तिच्या ‘बिग’ योजनेत नवी कल्पना पारखायला 18 महिन्यांसाठी 50 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. परतफेड नाही, कंपनीत हिस्सा द्यायचा नाही, पेटंटचा हक्कही आपलाच.

रक्कम एकदम हातात येत नाही. ठरलेलं काम झालेलं दाखवलं की पुढचा हप्ता. मला त्याहून मोलाची वाटली ती तज्ज्ञांची तपासणी. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “तुलनेला काय ठेवणार?” तेव्हापासून प्रत्येक शेतात खत न लावलेला पट्टा राखायची शिस्त लागली. फुलोऱ्याच्या सुमारास दोन्हीकडची झाडं मुळासकट उपटायची, गाठी मोजायच्या आणि नखाने फोडायच्या. आतून लालसर-गुलाबी निघाली तर गाठ नत्र धरते आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर गाठी कितीही असोत, उपयोग नाही. हे शेतकरी आता स्वतःच करून बघतात, त्यांना आमच्या आलेखाची गरज उरलेली नाही.

अडचण पुढच्या टप्प्यावर आहे. वेगवेगळ्या जमिनींत मोठ्या चाचण्या घ्यायच्या तर ज्या योजना आहेत, त्यांत खर्चाचा वाटा कंपनीलाही उचलावा लागतो. दोन-चार माणसांच्या कारखान्याला तो झेपत नाही. या ठिकाणी सरकारने हात सैल करावा, ही माझी कळकळीची मागणी आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बायोई3 या जैवतंत्रज्ञानाच्या धोरणात हवामानाला तोंड देणारी शेती हा एक विषय आहे. त्याला धरून आम्ही तुरीच्या रायझोबियमचा प्रस्ताव लिहीत आहोत. औसा, निलंगा भागात खताविना एक पट्टा राखायला तयार असणारे तूर उत्पादक मृगाआधी कारखान्यावर येऊन भेटले तर यंदाच चाचणी लावता येईल.